धुळीआडचं गोकुळ



परवा मेसमध्ये जेवताना सहज विषय निघाला. मी म्हटलं, "यंदा मासिकाच्या मराठी विभागात दीर्घिकांवर लिहितोय. विश्वाच्या बालपणातल्या, धुळीने माखलेल्या दीर्घिकांच्या झुंडी शास्त्रज्ञ कशा शोधतात, त्यावर." समोर बसलेला रूम पार्टनर पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "त्याना आपले काय फायदा, भाऊ?" टेबलावर हशा पिकला. मीही हसलो. पण रात्री लाइट बंद केल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न सध्या जुन्नर, नारायणगाव, संगमनेर या पट्ट्यात लोक विचारत आहेत, आणि ते थट्टेने विचारत नाहीत.

त्यांच्या प्रश्नामागे रेल्वे आहे. पुणे-नाशिक हा सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड रेल्वेमार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा जाणार होता. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विजेवर धावणाऱ्या गाडीचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीला बाधेल, असा आक्षेप आला आणि मूळ मार्ग अडला. मग अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आला. आता ज्याच्या गावावरून गाडी जायची होती, तो विचारणारच ना, की तुमच्या आकाशातल्या गोष्टींसाठी आमची गाडी का अडवता?

मी सोनगीरचा. धुळे जिल्ह्यातल्या माणसाला रेल्वेची वाट बघणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. धुळ्याचं स्टेशन म्हणजे चाळीसगावहून आलेल्या फाट्याचं शेवटचं टोक, हेच आम्ही लहानपणापासून पाहिलं. मनमाड-इंदूर लाइनच्या गप्पा आमच्या आजोबांनी ऐकल्या, वडिलांनी ऐकल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी. उद्या कोणी म्हणालं की दुर्बिणीसाठी ही लाइन वळवा, तर सोनगीरच्या पारावर काय भाषा होईल ते मला ठाऊक आहे! म्हणून हा लेख 'विज्ञान की विकास' अशा वादविवाद स्पर्धेच्या थाटात लिहिण्याची माझी इच्छा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुर्बीण वाचली पाहिजे. परंतु ती का वाचली पाहिजे, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी शिकलेल्यांची आहे, आणि ती आपण नीट पार पाडलेली नाही. दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतः सांगून बघावं म्हणून हा प्रयत्न.

सुरुवात सोनगीरपासूनच करू. मे महिन्यात दुपारी आमच्या किल्ल्यावर उभं राहा. वावटळ उठली की खालचा आग्रा रोड दिसेनासा होतो, घरं दिसेनाशी होतात. नुसता तांबूस पडदा. पण त्याच वेळी तांबटांची ठोकाठोक कानावर येत असते. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे खानदेशात सांगायला नको. डोळे म्हणतात, खाली काही नाही. कान म्हणतात, गाव आहे आणि जोरात कामाला लागलेलं आहे.

आकाशाचंही तसंच आहे. तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या ढगांत. ही धूळ म्हणजे आपल्या अंगणातली माती नव्हे. कार्बन आणि सिलिकेटचे, धुराच्या कणांइतके बारीक कण. नव्या ताऱ्यांचा निळा आणि अतिनील प्रकाश ही धूळ गिळून टाकते. गंमत अशी, की जी दीर्घिका सगळ्यात झपाट्याने तारे घडवते, तिच्यातच धूळ सगळ्यात जास्त. आपली आकाशगंगा वर्षाला साधारण एक-दोन सूर्य होतील एवढ्या वस्तुमानाचे तारे घडवते. विश्वाच्या बालपणात काही दीर्घिका वर्षाला शेकडो, क्वचित हजारावर सूर्यांच्या हिशेबाने तारे घडवत होत्या. त्यांना 'स्टारबर्स्ट' म्हणतात. म्हणजे सगळ्यात मोठे कारखाने, आणि नेमके तेच पडद्याआड!

पण ऊर्जा गिळली तरी ती जाणार कुठे? थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम ज्यांची केटी आहे त्यांनाही माहीत असतो. प्रकाश गिळून धूळ तापते. तापते म्हणजे किती, तर साधारण ३० ते ५० केल्विन, म्हणजे शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या आसपास! तरीही एवढ्या 'उष्णते'वर ती दूर-अवरक्त लहरी बाहेर टाकते. बंद भट्टीतला जाळ बाहेरून दिसत नाही, पण भिंतीला हात लावला की आत काय चाललंय ते कळतं, तसं. पुढे या लहरी आपल्याकडे यायला बारा-बारा अब्ज वर्षं लागतात. तेवढ्यात विश्व प्रसरण पावतं आणि लहरी ताणल्या जातात. निघताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असलेली लहर पोचते तेव्हा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची झालेली असते. या ताणाला रेडशिफ्ट म्हणतात. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे, ताम्रसृती. तांबटांच्या गावात वाढलेल्या माणसाला तो आवडणारच.

इथे निसर्गाने एक सवलत दिली आहे. एरवी वस्तू जितकी दूर, तितकी ती फिकी. पण ०.८५ मिलिमीटरच्या आसपास पाहिलं तर दीर्घिका जितकी दूर, तितका तिच्या धुळीच्या उत्सर्जनाचा अधिक तेजस्वी भाग ताणला जाऊन आपल्या पट्ट्यात येतो. अंतरामुळे जे गमावलं ते ताणामुळे बरंचसं भरून निघतं. त्यामुळे फार दूरची धूळभरली दीर्घिकाही या लहरींत जवळपास तेवढीच ठळक दिसते.

आता एक खरी गोष्ट. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने आकाशाचा एक चिमुकला तुकडा दहा दिवस टक लावून पाहिला. त्या फोटोत जवळजवळ तीन हजार दीर्घिका मिळाल्या. जगाला वाटलं, आता यात लपलेलं काय उरलं? पुढे हवाई बेटांवरच्या मौना केया पर्वतावरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने त्याच तुकड्याकडे ०.८५ मिलिमीटरवर पाहिलं. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिथला सगळ्यात तेजस्वी ठिपका हबलच्या फोटोत कुठेच नव्हता! एचडीएफ ८५०.१ असं त्याचं नाव. तो किती दूर आहे, हे कळायला २०१२ साल उजाडलं. चौदा वर्षं! उत्तर आलं तेव्हा कळलं, की विश्वाचं वय जेमतेम १.१ अब्ज वर्षं असतानाचा तो प्रकाश आहे. आणि दुसरी गोष्ट : ती दीर्घिका एकटी नव्हती, आसपास तिच्याच अंतरावर इतर दीर्घिकांची गर्दी होती.

ही गर्दीच खरी महत्त्वाची. आज आपल्या शेजारच्या विश्वात शेकडो-हजारो दीर्घिकांचे समूह दिसतात. त्यांच्या मध्यभागी अवाढव्य दीर्घिका असतात. पण त्या म्हाताऱ्या. तारे लालसर, नवे जन्म जवळपास बंद. एखाद्या मोठ्या वाड्यात आता दोन म्हातारी माणसंच राहावीत, तसं. मग हा वाडा भरलेला कधी होता? मुलाबाळांचं गोकुळ तिथे कधी नांदत होतं? ते बघायचं तर मागे, विश्वाच्या बालपणात बघावं लागतं. आणि तेव्हाचं ते गोकुळ नेमकं धुळीआड आहे. धूळभरल्या स्टारबर्स्ट दीर्घिकांचे समूह शोधायचे ते यासाठी.

शोधायचं कसं? प्लँक नावाच्या उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात सगळ्या आकाशाचा सूक्ष्मलहरींमधला नकाशा केला. त्याची नजर ढोबळ होती, पण नकाशा संपूर्ण होता. त्यातून २१५१ संशयित जागांची यादी निघाली. यादी म्हणजे पुरावा नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रात्री आग्रा रोडवर उभं राहून नरडाण्याकडे बघा. चार ट्रकचे दिवे एकत्र दिसतात, वाटतं ताफाच येतोय. प्रत्यक्षात एक ट्रक अर्ध्या किलोमीटरवर आणि दुसरा तीन किलोमीटरवर असतो. आकाशातही असंच फसायला होतं. एका रेषेत दिसल्या म्हणून दीर्घिका शेजारी ठरत नाहीत. प्रत्येकीचं अंतर वेगळं मोजावं लागतं. ते मोजायचं तर तिच्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडसारख्या रेणूची ठरलेली लहर किती ताणली गेली, हे पाहावं लागतं. चिलीतल्या वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवरच्या आल्मा दुर्बिणीच्या ६६ अँटेना हे काम फार छान करतात.

असंच एक प्रकरण २०१८ मध्ये गाजलं. दक्षिण ध्रुवावरच्या दहा मीटरच्या दुर्बिणीला एक तेजस्वी ठिपका दिसला होता, एसपीटी २३४९-५६. आल्माने बारकाईने पाहिलं, तर तो एक ठिपका नसून चौदा दीर्घिका निघाल्या. चौदाही एकाच अंतरावर, साधारण चार लाख प्रकाशवर्षांच्या टापूत दाटीवाटीने बसलेल्या, आणि जोरात तारे घडवणाऱ्या. आपल्या एकट्या आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं, यावरून दाटीचा अंदाज करा. प्रकाश १२.४ अब्ज वर्षांपूर्वीचा, म्हणजे विश्वाचं वय १.४ अब्ज वर्षं असतानाचा. एवढ्या लवकर एवढं मोठं गोकुळ भरेल, अशी अपेक्षा बहुतेकांची नव्हती. त्या निबंधाचा पहिला लेखक टिम मिलर हा तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी होता. 'आपण तर अजून विद्यार्थी' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तुम्ही म्हणाल, हवाई झालं, चिली झालं, दक्षिण ध्रुव झाला. यात खोडद कुठे?

खोडद तर या गोष्टीच्या मुळाशी आहे. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जीएमआरटीची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होतं दीर्घिकासमूहांची बीजं शोधणं. तारे पेटण्याआधी हायड्रोजनचे प्रचंड ढग असतील, त्यांची १४२० मेगाहर्ट्झची लहर ताणली जाऊन तीन-सव्वातीनशे मेगाहर्ट्झवर ऐकू येईल, असा तो हिशेब. त्यासाठी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभारायच्या होत्या. पैसा बेताचा. मग पत्र्याची भरीव थाळी न करता स्टीलच्या दोरांवर तारेची जाळी ताणून थाळी केली. वजन कमी, वारा आरपार, खर्च आटोक्यात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने ती जाळी एकदा तरी जाऊन बघावी. पुढे २०२० मध्ये आयईईईने तिला 'माइलस्टोन'चा मान दिला.

आता प्रामाणिकपणे सांगायची गोष्ट. ते अवाढव्य ढग काही सापडले नाहीत. दरम्यान सिद्धांतच बदलला. आधी प्रचंड ढग आणि मग त्यांचे तुकडे, असं न होता, आधी लहान गोळे आणि त्यांतून मोठे समूह, असं चित्र पुढे आलं. मग दुर्बीण वाया गेली का? अजिबात नाही. २०१० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा एक भाग खोलवर पाहून असे रेडिओ स्रोत निवडले, ज्यांचं तेज फ्रिक्वेन्सी वाढली की झपाट्याने घटतं. असे स्रोत बहुधा फार दूरच्या रेडिओ दीर्घिका असतात. अशा दीर्घिका म्हणजे गर्दीच्या जागी लावलेल्या कंदिलासारख्या. 'स्पायडरवेब' नावाच्या, दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या रेडिओ दीर्घिकेभोवती २०१४ मध्ये धूळभरल्या स्टारबर्स्ट दीर्घिकांची गर्दी सापडली, ती अशाच वाटेने. शिवाय रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही. जिथे तारे भराभर जन्मतात तिथले मोठे तारे लवकर मरतात, त्यांचे स्फोट होतात, आणि त्या स्फोटांतून निघणारा रेडिओ आवाज धुळीच्या पडद्यातून थेट येतो. तांबटांच्या ठोक्यासारखा.

आणि २०२० चं काम तर खास आपल्या अभिमानाचं. एकेका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा आवाज इतका क्षीण की ऐकूच येत नाही. मग आदित्य चौधरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून सरासरी काढली आणि सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. कळलं असं, की ज्या वेगाने त्या तारे घडवत होत्या, त्या वेगाने वायूचा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे गोकुळ का ओसरलं, याचं एक उत्तर नारायणगावच्या शेतांमधून मिळालं.

आता पुन्हा रेल्वेकडे येऊ. असले क्षीण संदेश ऐकायला शांतता लागते, आणि खोडदची जागा निवडण्यामागे ही शांतता हे एक मोठं कारण होतं. पँटोग्राफ आणि २५ हजार व्होल्टच्या तारेमध्ये ठिणगी पडली की ती रेडिओ लहरींच्या सगळ्या पट्ट्यांत कर्कश खरखर करते. गाडीची दळणवळण यंत्रणा वेगळीच. म्हणजे शास्त्रज्ञांचा आक्षेप हट्टाचा नव्हता. रेल्वेला दुसरा मार्ग काढता येतो. तीस अँटेना उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि एकदा गेलेली शांतता परत आणता येत नाही. म्हणून मी दुर्बिणीच्या बाजूने आहे.

परंतु याचा अर्थ जुन्नरच्या माणसाने गप्प बसावं असा नाही. दुर्बीण सगळ्या देशाची आहे, मग तिच्यासाठी सोसायचं ते एकट्या तालुक्याने का? गाडी वळली तर त्या भागाला दुसऱ्या मार्गाने चांगली वाहतूक मिळाली पाहिजे, आणि ती दुर्बिणीच्या खर्चाइतकीच गांभीर्याने मोजली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीतल्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले. आनंदच आहे. त्या आनंदात थोडा वाटा शांतता राखणाऱ्या गावांचाही असावा, एवढंच म्हणणं. आणि त्यांना मराठीत समजावून सांगणारी माणसं हवीत. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं, शाळांची रीघ लागते. ते चांगलंच आहे, पण वर्षाचे दोन दिवस पुरे नाहीत.

राहता राहिलो आपण. गोंगाटातून संदेश वेगळा काढणं हे शुद्ध इंजिनिअरिंग आहे. जीएमआरटीच्या इंजिनिअरांनी ठिणग्यांचा गोंगाट जागच्या जागी गाळणाऱ्या यंत्रणा बनवल्या आहेत. आपल्या ईअँडटीसीच्या पोरांनी दरवर्षी तोच तो लाइन फॉलोअर रोबो आणि तेच ते पाण्याच्या टाकीचं अलार्म सर्किट करण्यापेक्षा हॉस्टेलच्या गच्चीवरचा रेडिओ गोंगाट मोजून दाखवावा. कुठल्या ट्यूबलाइटचा चोक, कुठला चार्जर, कुठला विजेचा खांब किती खरखर करतो, याचा नकाशा करावा. स्टाफरूममधल्या सरांनाही विनंती : असा प्रोजेक्ट घेऊन कोणी आलं तर 'यात स्कोप काय?' असं पहिल्याच मिनिटाला विचारू नका.

शेवटी रूम पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर. फायदा काय? पॅकेजच्या भाषेत सांगता येणार नाही, भाऊ. पण तुझ्या घरी सोनगीरचा जो तांब्याचा हंडा आहे, त्यातलं तांबं पृथ्वीवर तयार झालेलं नाही. ते कधीतरी, सूर्य जन्मण्याच्या आधी, मोठ्या ताऱ्यांच्या पोटात शिजलं, स्फोटांतून उधळलं गेलं, वायू आणि धुळीत मिसळलं. त्या धुळीतूनच पुढे सूर्य झाला, पृथ्वी झाली, खानदेश झाला. ती धूळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कुठे आणि कशी उडाली, एवढंच ही मंडळी शोधत आहेत. आपल्या घराण्याची वंशावळ भाटाकडून ऐकायला आपण तासभर बसतो. ही त्याहून जुनी वंशावळ आहे, आणि ती ऐकू येते ती जागा आपल्या महाराष्ट्रात आहे.

ती ऐकू येत राहावी, आणि जुन्नरच्या माणसालाही चांगली गाडी मिळावी. दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करता येतात. निदान धुळे जिल्ह्यातल्या माणसाला तरी त्या करता आल्या पाहिजेत. वाट बघणं आपल्याला ठाऊक आहे, आणि धूळही.